पवनचक्क्यांची जागा ठरते कशी? साताऱ्याच्या सड्यांचा हिशेब

साताऱ्याहून ठोसेघरच्या बाजूने घाट चढून गेले की चाळकेवाडीच्या पठारावर पवनचक्क्यांच्या रांगा दिसू लागतात. त्यापुढे, पाटण तालुक्यात कोयनेच्या जलाशयाच्या वर, समुद्रसपाटीपासून सुमारे ११५० मीटर उंचीवर वनकुसवड्याचे पठार आहे. नव्वदच्या दशकाच्या अखेरीपासून या माथ्यांवर पवनचक्क्या उभ्या राहिल्या आणि राज्यातील पवनऊर्जेचा मोठा विस्तार येथूनच झाला. त्या नेमक्या येथेच का आल्या, याचे पहिले उत्तर अर्थातच वारा हे आहे. पण ते एकमेव उत्तर नव्हे.

वाऱ्यातील ऊर्जा त्याच्या वेगाच्या घनाच्या प्रमाणात वाढते. वेग दुप्पट झाला तर ऊर्जा आठपट होते. सेकंदाला ५ मीटरऐवजी ६ मीटर वेगाचा वारा मिळाला, तरी उपलब्ध ऊर्जा सुमारे ७३ टक्क्यांनी वाढते. म्हणूनच जागेच्या निवडीतील लहानशी चूकही प्रकल्पाला आयुष्यभर भोवते. अरबी समुद्रावरून येणारा नैर्ऋत्य मोसमी वारा सह्याद्रीच्या कड्यांवर आदळून वर चढतो आणि माथ्यावर त्याचा वेग वाढतो. तेथे उंच झाडी नसल्याने त्याला अडथळाही होत नाही. परिणामी येथील वर्षभराच्या विजेचा मोठा वाटा जून ते सप्टेंबर या चार महिन्यांतच मिळतो. उन्हाळ्यात विजेची ओढाताण असते, तेव्हा मात्र पाती पुष्कळदा मंदावलेली असतात.

प्रकल्पापूर्वी मनोरा उभारून किमान वर्षभर वाऱ्याचा वेग व दिशा मोजावी लागते. हे काम चेन्नईची राष्ट्रीय पवनऊर्जा संस्था करते. पूर्वी ५० मीटर उंचीवर चौरस मीटरमागे २०० वॉट ऊर्जा असणारी जागा योग्य मानली जाई. मनोरे उंच होत गेले तसा नकाशाच बदलला. या संस्थेच्या अंदाजानुसार देशाची क्षमता १०० मीटर उंचीवर सुमारे ३०२ गिगावॉट, तर १५० मीटरवर सुमारे ११६४ गिगावॉट आहे. एका पवनचक्कीमागे वारा मंदावतो व घुसळला जातो, त्यामुळे दोन चक्क्यांमध्ये पात्यांच्या वर्तुळाच्या व्यासाच्या पाच ते सात पट अंतर सोडले जाते. केंद्राच्या २०१६ च्या मार्गदर्शक सूचनांनुसार घरांपासून ५०० मीटर अंतर राखणेही अपेक्षित आहे. याखेरीज वीजवाहिनी जवळ हवी आणि अवजड पाती चढवण्याजोगा घाटरस्ता हवा.

साताऱ्याच्या वाट्याला आणखी एक वारा आला, तो प्राप्तिकराचा. पवनचक्कीवर दीर्घकाळ ८० टक्के वा त्याहून अधिक घसारा मिळत असे. ही सवलत २०१२ मध्ये काढली गेली, २०१४ मध्ये परत आली आणि २०१७ पासून ४० टक्क्यांवर आली. साहजिकच काही गुंतवणूकदारांचे लक्ष विजेपेक्षा करबचतीकडे अधिक राहिले.

राहिला प्रश्न जमिनीचा. जांभ्या दगडाच्या या सपाट माथ्यांना स्थानिक लोक सडा म्हणतात. पीक येत नाही म्हणून सरकारी भाषेत अशी जमीन बहुधा पडीक ठरते. प्रत्यक्षात पावसाळ्यात सडा फुलांनी भरून जातो. वायतुऱ्यासारखी, शास्त्रीय नावातच सातारा असणारी वनस्पती येथलीच.

पवनचक्क्यांचा सड्यावर काय परिणाम होतो, याचा अभ्यास बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेतील मारिया ठाकर व त्यांच्या सहकाऱ्यांनी चाळकेवाडीवर केला. तो २०१८ मध्ये प्रसिद्ध झाला. पवनचक्क्या नसलेल्या भागात शिकारी पक्षी जवळपास चौपट आढळले. चक्क्यांखाली मात्र गळ्याखाली रंगीत पंखा उलगडणाऱ्या सरड्यांची संख्या वाढली होती. हा सरडा ज्या प्रजातीतील, तिचे २०१६ मध्ये ठेवलेले 'सारडा' हे नाव मराठी शब्दावरूनच आले आहे. सरडे वाढले ही वरकरणी चांगली बातमी वाटते. परंतु गर्दीमुळे त्यांची शरीरे रोडावली होती, नरांचे रंग फिके पडले होते आणि माणूस अगदी जवळ आला तरी ते पळत नव्हते. शिकारी पक्ष्यांची जागा जणू पवनचक्क्यांनी घेतली, असा त्याचा अर्थ. पक्षी पात्यांना धडकून मेले किती, एवढेच मोजणाऱ्या पाहणीत हा बदल सापडलाच नसता.

हे निष्कर्ष आज महत्त्वाचे ठरतात, कारण सड्यांवरील जुनी यंत्रे पंचवीस वर्षांच्या आसपासची झाली आहेत. केंद्राच्या २०२३ च्या धोरणानुसार दोन मेगावॉटपर्यंतच्या पवनचक्क्या काढून तेथे मोठ्या बसवता येतात. वनकुसवड्यावर पहिल्या काळात ३५० किलोवॉटची यंत्रे बसली, तर आजची यंत्रे दोन-तीन मेगावॉटची आहेत. म्हणजे तेवढ्याच विजेसाठी बरेच कमी मनोरे पुरतील आणि सड्याचा काही भाग मोकळाही करता येईल. पण मोठ्या यंत्रांसाठी पाया मोठा लागेल, रस्ते रुंद करावे लागतील. आणि २००६ च्या पर्यावरणीय आघात अधिसूचनेच्या यादीत पवनऊर्जा प्रकल्प नसल्याने, वनजमीन सोडून इतरत्र, कोणता सडा मोकळा ठेवायचा आणि कोणता खणायचा, हे प्रामुख्याने प्रकल्पाचा नकाशा आखणाराच ठरवतो.