अर्पण व नम्रता, ख्रिस्ती (वागळे इस्टेट आणि ठाणे परिसर)

उरलेसुरले देणे याला ख्रिस्ती परंपरेत अर्पण म्हणत नाहीत. स्वतःच्या गरजेला कात्री लावून दिलेले ते अर्पण, आणि दिल्यावर देणाऱ्याने घेणाऱ्यापेक्षा उंच जागी बसू नये ही त्याला जोडून आलेली अट. पहिली बाजू मार्कच्या शुभवर्तमानातल्या विधवेच्या गोष्टीत येते (अध्याय १२). मंदिराच्या भांडारात श्रीमंत पुष्कळ टाकतात, ती दोन टोल्या टाकते. पण तिच्यामागे काहीच शिल्लक राहत नाही, म्हणून तिचे दान सर्वांत मोठे ठरते. दुसरी बाजू योहानाच्या तेराव्या अध्यायातल्या पाय धुण्याच्या प्रसंगात आणि फिलिप्पैकरांस पत्राच्या दुसऱ्या अध्यायात आहे. तिथे ख्रिस्ताने स्वतःला रिते करून दासाचे रूप घेतले, असे पौल सांगतो. जुन्या करारातला दशमांश, म्हणजे उत्पन्नाचा दहावा हिस्सा, अनेक प्रॉटेस्टंट मंडळ्यांत आजही पाळला जातो. कॅथलिकांत तसे ठरावीक प्रमाण नाही. एरवी हिशेब सोपा करणारा हा दहावा हिस्सा विधवेच्या गोष्टीपुढे अपुरा पडतो, कारण ती गोष्ट दिलेले मोजत नाही, राहिलेले मोजते.

ठाणे शहराच्या पश्चिमेचा वागळे इस्टेट हा भाग महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळाच्या (स्थापना १९६२) सर्वांत जुन्या औद्योगिक क्षेत्रांपैकी आहे. इथले रस्ते रोड नंबर १६, रोड नंबर २२ असे आकड्यांनीच ओळखले जातात. किसननगर, श्रीनगर, इंदिरानगर, सावरकरनगर अशा कामगारवस्त्या कारखान्यांच्या आसऱ्याने वाढल्या. पुढे कारखाने गेले आणि काही ठिकाणी काचेच्या आयटी इमारती आल्या. या भागातील कॅथलिक धर्मग्राम मुंबई महाधर्मप्रांतात मोडते आणि ते सेंट लॉरेन्सच्या नावाचे आहे. नाव ठेवणाऱ्यांच्या मनात काय होते ते असो, औद्योगिक वसाहतीला याहून चपखल संत मिळणे कठीण.

लॉरेन्स हा तिसऱ्या शतकात रोमच्या सात डीकनांपैकी एक. चर्चची तिजोरी आणि गरिबांना होणारे वाटप त्याच्याकडे होते. सम्राट व्हॅलेरियनने २५८ साली धर्मगुरूंवर मृत्युदंडाचा हुकूम काढला. ६ ऑगस्टला पोप दुसरा सिक्स्टस मारला गेला आणि चार दिवसांनी, १० ऑगस्टला, लॉरेन्स. परंपरा सांगते की चर्चचे धन हजर कर, असे अधिकाऱ्याने फर्मावले तेव्हा लॉरेन्सने मुदत मागितली, होते नव्हते ते वाटून टाकले आणि ठरल्या दिवशी आंधळे, पांगळे, भिकारी घेऊन तो समोर उभा राहिला: चर्चचे धन ते हेच. ही कथा बिशप अँब्रोजच्या लेखनात, म्हणजे घटनेनंतर शंभराहून अधिक वर्षांनी आढळते. लोखंडी जाळीवर भाजून मारल्याचा तपशील तर अनेक अभ्यासक मानत नाहीत. त्या हुकुमाचा रोख पाहता शिरच्छेदच संभवतो. चित्रकारांनी मात्र जाळी सोडली नाही. खरे तर कथेचा जीव हिशेबाच्या प्रसंगात आहे. जबाबदार माणसाने सरकारी अधिकाऱ्यापुढे वही उघडली आणि तिच्यात रकमांऐवजी माणसे निघाली.

ठाण्याचा या विषयाशी संबंध वागळे इस्टेटच्या कितीतरी आधीचा आहे. १३२१ च्या एप्रिलमध्ये टोलेंटिनोचा थॉमस, पादुआचा जेम्स, सिएनाचा पीटर हे फ्रान्सिस्कन आणि त्यांचा सोबती तिबिलिसीचा डेमेट्रियस यांना इथे मारण्यात आले. होर्मुझहून निघालेले हे लोक कोल्लमला आणि तिथून पुढे जाणार होते. जहाजाने त्यांना ठाण्याला आणले. त्या वेळी गावात नेस्तोरियन ख्रिस्त्यांची पंधरा घरे असल्याचे ओडोरिक या प्रवाशाने नोंदले आहे. त्यांतल्याच एका घरी ते उतरले. त्या घरातल्या नवराबायकोच्या भांडणाचा खटला काझीपुढे गेला, पाहुण्यांना साक्षीसाठी बोलावले गेले, चौकशी धर्मावर आली आणि शेवट मृत्यूत झाला. त्यांच्याबरोबर आलेला डोमिनिकन जॉर्डानस त्या वेळी दुसरीकडे होता. त्याने त्यांना सोपाऱ्यात पुरले. पुढे ओडोरिकने अस्थी चीनपर्यंत नेल्या.

या चौघांची आठवण एरवी हुतात्मे म्हणून काढतात. पण थॉमसचे ठाण्याआधीचे आयुष्य प्रस्तुत विषयाच्या जास्त जवळचे आहे. असिसीच्या फ्रान्सिसने (मृत्यू १२२६) आपल्या फ्रान्सिस्कन संघाने काहीही मालकीचे ठेवू नये असे ठरवले होते. संघ वाढला, मठ बांधले गेले, धान्य साठू लागले, आणि हे चालेल म्हणणारे व चालणार नाही म्हणणारे असे दोन तट पडले. थॉमस दुसऱ्या तटातला. निर्धन राहण्याचा हट्ट धरला म्हणून स्वतःच्याच संघाने त्याला अँजेलो क्लारेनो वगैरे सोबत्यांसह तुरुंगात टाकले. १२८९ मध्ये निवडला गेलेला संघप्रमुख रेमंड गॉफ्रिदी याने त्यांना सोडवून आर्मेनियाला पाठवले. तिथून त्याची वाट पूर्वेकडे वळली. त्याच्या मृत्यूनंतर दोनच वर्षांनी, १३२३ मध्ये, पोप बाविसाव्या जॉनने ख्रिस्त व प्रेषितांच्या मालकीचे काहीच नव्हते हे मत पाखंड ठरवले. ज्या मतासाठी थॉमसने कैद भोगली त्याच्याच जवळचे हे मत. तरी १८९४ मध्ये पोप तेराव्या लिओने त्याच्या सार्वजनिक वंदनाला मान्यता दिली. दारिद्र्याचा आदर करायचा आणि दारिद्र्यवाद्यांना आवरायचे, ही चर्चची जुनी ओढाताण या एका चरित्रात दिसते.

मराठी ख्रिस्ती समाजात हाच प्रश्न वेगळ्या रूपात आला: मिशनचा पगार. एकोणिसाव्या शतकात अहमदनगर, जालना भागांत मिशनऱ्यांच्या शाळा, दवाखाने आणि दुष्काळातली मदत यांभोवती मंडळ्या उभ्या राहिल्या. त्यामुळे देणारा परदेशी आणि घेणारा एतद्देशीय अशी घडी बसली. धान्यासाठी धर्म बदलल्याचा आरोपही याच घडीतून आला. तो सगळ्यांना लावणे अन्यायाचे आहे, आणि सगळाच खोटा म्हणणे सोयीचे. १८९५ मध्ये बाप्तिस्मा घेतलेले कवी नारायण वामन टिळक अमेरिकन मराठी मिशनमध्ये काम करत. तिथली पगारी सुरक्षितता त्यांना पुढे खुपू लागली. १९१७ मध्ये त्यांनी मिशन सोडले, ख्रिस्ती संन्यासी म्हणून राहायचे ठरवले आणि साताऱ्यात ‘देवाचा दरबार’ सुरू केला. बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले दोघांनाही तिथे जागा होती. ९ मे १९१९ रोजी मुंबईत त्यांचे निधन झाले, म्हणून हा प्रयोग जेमतेम दोन वर्षे चालला. काव्याच्या इतिहासात टिळकांना मानाचे स्थान आहे, पण या राजीनाम्याकडे त्या मानाने फारसे लक्ष जात नाही.

टिळकांच्या उदारपणाची दुसरी बाजू लक्ष्मीबाई टिळकांच्या ‘स्मृतिचित्रे’मध्ये आहे. हाती आलेला पैसा दुसऱ्याला देऊन मोकळा होणारा नवरा आणि चूल पेटती ठेवणारी बायको, असा तो संसार होता. लक्ष्मीबाई हसत हसत लिहितात, म्हणून ही तक्रार आहे हे वाचकाला उशिरा कळते. त्याग एकाने जाहीर करायचा आणि त्याची किंमत घरातल्या दुसऱ्याने भरायची, याची मराठीत याहून सरळ नोंद क्वचितच असेल. त्यागाचे गोडवे गाणाऱ्या प्रवचनांनी ही बाजू विचारात घेतल्याचे क्वचितच दिसते.

पंडिता रमाबाईंनी (१८५८–१९२२) देण्याला संस्थेचे रूप दिले. ११ मार्च १८८९ रोजी मुंबईत विधवांसाठी शारदा सदन उघडले तेव्हा अमेरिकेतल्या संघटनेने दहा वर्षे आर्थिक मदतीचे आश्वासन दिले होते. सदनात ख्रिस्ती वळण लावले जाते या वादावरून १८९३ मध्ये रानडे, भांडारकर आदींनी सल्लागार मंडळ सोडले. १८९६–९७ च्या दुष्काळात रमाबाईंनी मध्य प्रांतातून उपाशी मुली आणल्या आणि त्यातून केडगावचे मुक्तिसदन वाढले. तिथे राहणाऱ्या स्त्रियांना शेती, विणकाम, छपाई शिकवली जाई. रमाबाईंनी मूळ हिब्रू आणि ग्रीकवरून केलेले बायबलचे मराठी भाषांतर तिथल्याच छापखान्यात छापले गेले. घेणारीला कामाची आणि कौशल्याची जोड मिळाली की देणारीचे आसन आपोआप खाली येते, हे केडगावने दाखवले. अर्थात पैसा पुष्कळसा परदेशातूनच येत राहिला.

आजच्या ठाणे, कल्याण, डोंबिवलीत देण्याचे प्रकार समाजागणिक वेगळे आहेत. मराठी प्रॉटेस्टंट मंडळ्यांत रविवारच्या उपासनेत दानाची थैली फिरते, उपकारस्तुतीचे वेगळे पाकीट दिले जाते आणि हंगामाच्या उपासनेला फळे, भाज्या, धान्य आणून त्यांचा लिलाव करतात. लिलावात साध्या भोपळ्याची बोली चढत जाते, तेव्हा नम्रता क्षणभर बाजूला राहते हे मान्य करायला हरकत नाही. १९८८ मध्ये स्थापन झालेल्या कल्याणच्या सिरो-मलबार धर्मप्रांतातली केरळी कुटुंबे मूळची मूठभर तांदळाची प्रथा जाणतात: स्वयंपाकाला घेताना एक मूठ बाजूला काढायची. मिझोराममधील प्रेस्बिटेरियन चर्चने याच रीतीवर मोठे काम उभे केले आहे. रोमन विधीच्या कॅथलिक धर्मग्रामांत पवित्र गुरुवारी धर्मगुरू बारा जणांचे पाय धुतात. २०१६ पासून या बारांत स्त्रियाही असू शकतात.

गाजावाजा न करता देण्याची सर्वांत शिस्तबद्ध पद्धत सेंट व्हिन्सेंट डी पॉल सोसायटीची आहे. १८३३ मध्ये पॅरिसमध्ये फ्रेडरिक ओझानाम आणि त्याच्या विद्यार्थी मित्रांनी ती सुरू केली; मुंबई महाधर्मप्रांतातही तिच्या शाखा आहेत. सभासद गरजू कुटुंबाच्या घरी सहसा जोडीने जातात आणि कोणाला काय दिले ते बाहेर बोलत नाहीत. बैठकीत सभासदांमध्ये एक बंद पिशवी फिरते. तिच्यात कोणी किती टाकले, किंवा काहीच टाकले नाही, हे शेजाऱ्यालाही कळत नाही.

नोंदणीकृत धर्मादाय संस्थांना मात्र हिशेब ठेवावा लागतो. १९५० च्या सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्याखाली लेखापरीक्षण होते. दानावर आयकर सवलत हवी असेल तर दात्याला आपले नाव आणि ओळख द्यावी लागते. त्यामुळे उजव्या हाताचे डाव्याला कळू देऊ नये हा मत्तयच्या सहाव्या अध्यायातला नियम पाळणाऱ्याला सवलत मिळत नाही.