झूम, प्राइम आणि नाभी

भिगवणला फ्लेमिंगो पाहायला जाणाऱ्या होड्यांमध्ये हातभर लांबीची लेन्स घेऊन बसलेला एखादा तरी छायाचित्रकार असतोच, आणि तिच्याकडे बघून 'केवढी मोठी झूम!' म्हणणाराही असतो. पुष्कळदा ती झूम नसते. ती ५०० किंवा ६०० मिलिमीटरची प्राइम असते. पक्षी जेवढा मोठा दाखवते तेवढाच दाखवते, त्यात कमीजास्त काही करता येत नाही. उलट १० ते २० मिलिमीटरची लेन्स हातात देऊन 'ही झूम आहे' असं सांगितलं, तर ऐकणारा गोंधळतो. ती दूरचं काहीच जवळ आणत नाही. भिंतीला टेकून उभं राहिलं तर सगळी खोली तेवढी एका चौकटीत बसवते. पण झूम तीच. मराठीत 'झूम' म्हणजे 'दूरचं जवळ आणणारं' असा अर्थ रुळून गेला आहे, आणि 'प्राइम' म्हणजे काहीतरी उच्च प्रतीचं अशी समजूत आहे. नवी लेन्स घ्यायला निघालेल्या माणसाचा निम्मा गोंधळ या दोन नावांनीच केलेला असतो.

'झूम' हा मुळात आवाजाचा शब्द. आपल्या 'घूं' किंवा 'सूं' सारखाच, भुणभुणत सुसाट जाणाऱ्या वस्तूच्या आवाजावरून एकोणिसाव्या शतकात तो इंग्रजीत वापरात आला. पहिल्या महायुद्धात वैमानिकांनी तो उचलला. वेग घेतलेल्या विमानाचं नाक एकदम वर करून उभी चढण घ्यायची, तिला ते झूम म्हणत. पुढे सिनेमावाल्यांनी तो कॅमेऱ्याला लावला. (शाळेच्या भूगोलात ईशान्य भारतातली 'झूम शेती' आपल्याला भेटते, तिचा या शब्दाशी काही संबंध नाही. हिंदीतल्या झुमण्याचाही नाही.)

गंमत अशी की उभ्या जागी चौकट लहान-मोठी करण्याची करामत करणाऱ्या सुरुवातीच्या एका नामांकित लेन्सचं नाव झूम नव्हतंच. १९३२ साली बेल अँड हॉवेल कंपनीने सिनेमासाठी ४० ते १२० मिलिमीटरची कुक लेन्स आणली, तिचं नाव 'व्हारो'. बदलणं या अर्थाच्या लॅटिन धातूवरून घेतलेलं हे नाव मला फार प्रामाणिक वाटतं. लेन्स काय करते ते ते सरळ सांगतं. पण टिकलं ते दुसरंच. फ्रँक बॅक यांनी १९४० च्या दशकात टेलिव्हिजनसाठी 'झूमर' लेन्स तयार केली, आणि १९५९ मध्ये त्यांच्याच रचनेची ३६ ते ८२ मिलिमीटरची फोक्टलेंडर झूमर बाजारात आली. साध्या ३५ मिलिमीटर कॅमेऱ्यासाठी विकायला आलेली ती पहिली झूम लेन्स. तेव्हापासून आवाजाने अर्थावर मात केली.

'प्राइम'ची कथा वेगळी आहे. लॅटिन 'प्रीमुस' म्हणजे पहिला. आपला 'प्रथम' आणि हा शब्द एकाच आदिम धातूचे. आपल्या आज्यांच्या स्वयंपाकघरात फरफरणारा 'प्रायमस' स्टोव्हसुद्धा याच नावाचा. लेन्सच्या जगात प्राइम म्हणजे आधी मुख्य लेन्स: जिच्या पुढे किंवा मागे जोडभिंग लावून परिणाम बदलायचा ती मूळ लेन्स. श्रेष्ठतेचा दावा त्यात नव्हता, क्रमाचा होता. झूम लेन्स घरोघरी पोचल्यावर 'झूम नसलेली' हे सांगायला शब्द हवा झाला आणि प्राइम त्या जागी बसला. मोबाइल आल्यावर घरातल्या फोनला 'लँडलाइन' म्हणावं लागलं, तसंच हे. दादासाहेब फाळक्यांनी १९१२ मध्ये लंडनहून विल्यमसन कॅमेरा आणला, १९२५ मध्ये ५० मिलिमीटरची लेन्स लावलेला लायका बाजारात आला. तेव्हा या लेन्सना कुणी प्राइम म्हणायचं कारणच नव्हतं. त्या नुसत्या लेन्स होत्या.

आपल्याकडे दुकानात पुष्कळ जण 'फिक्स लेन्स' म्हणतात, आणि सिनेमाच्या सेटवर 'ब्लॉक लेन्स' ऐकू येतं. इंग्रजीच्या जाणकारांना हे गावठी वाटेल, पण 'फिक्स' हा शब्द 'प्राइम'पेक्षा कितीतरी बरा. त्यात मोठेपणा नाही, माहिती आहे.

काय फिक्स, हे विचारलं की आपण या सगळ्या शब्दांच्या मुळाशी येतो. पण त्याआधी खुद्द 'लेन्स'. लॅटिनमध्ये लेन्स म्हणजे मसूर. अख्खा मसूर दोन बोटांत धरून पाहा: मधे फुगीर, कडेला निमुळता, दोन्ही बाजूंनी सारखा. सतराव्या शतकातल्या विद्वानांना बहिर्वक्र काचेला दुसरं नाव शोधावं लागलं नाही. फ्रेंचमध्ये 'लाँतीय' आणि जर्मनमध्ये 'लिन्झे' हे शब्द आजही डाळ आणि काच दोन्हींसाठी चालतात. अरबीत मसुराला 'अदस' आणि लेन्सला 'अदसा'. तुर्कीत 'मर्जिमेक' आणि 'मर्जेक'. निम्मं जग डाळीतून बघतं. आपण मात्र आमटीत मसूर घालून काचेला 'भिंग' म्हणतो, आणि घड्याळजीच्या डोळ्याला लावलेलं ते भिंग, पंचांग वाचणाऱ्या आजोबांच्या हातातलं ते भिंग, असं ते नाव अजून जिवंत आहे. कॅमेऱ्यापर्यंत ते पोचलं नाही याची मला खंत वाटते.

तर फिक्स असतं ते नाभीय अंतर. दहावीच्या पुस्तकात सगळ्यांनी हा शब्द पाठ केला आणि बहुतेकांनी परीक्षेनंतर सोडून दिला. केप्लरने १६०४ मध्ये यातल्या नाभीसाठी 'फोकस' हा लॅटिन शब्द वापरात आणला. त्याचा मूळ अर्थ चूल. उन्हात भिंग धरल्यावर जिथे किरण एकवटून कागद पेटतो, त्या बिंदूला हे नाव शोभतंच. आपल्या परिभाषेने वेगळी प्रतिमा घेतली. संस्कृतात नाभी म्हणजे बेंबी, आणि चाकाचा तुंबाही. जिथे सगळे आरे येऊन मिळतात ती जागा. किरणांसाठीचा लॅटिन शब्द 'रादियुस', त्याचाही एक अर्थ चाकाचा आरा. दूरच्या वस्तूकडून येणारे किरण भिंगातून वळून आऱ्यांसारखे नाभीत मिळतात आणि भिंगापासून त्या नाभीपर्यंतचं अंतर ते नाभीय अंतर. प्राइममध्ये ते अचल. झूममध्ये आतली भिंगं पुढेमागे सरकवून ते बदलता येतं. म्हणून मी 'अचलनाभी' आणि 'चलनाभी' असे शब्द सुचवेन. यांत दूर-जवळ नाही, उच्च-नीच नाही. जे आहे ते आहे.

शब्द असे नीट धरले की निवडही नीट करता येते. बदलतं अंतर सांभाळायला काचा जास्त लागतात. कॅननची ५० मिलिमीटर एफ १.८ ही अचलनाभी लेन्स सहा भिंगांची आणि सुमारे १६० ग्रॅमची आहे. त्यांच्याच ७० ते २००, एफ २.८ च्या दुसऱ्या आवृत्तीत २३ भिंगं आणि वजन जवळपास दीड किलो. एफचा आकडा म्हणजे नाभीय अंतर भागिले छिद्राचा व्यास. पन्नासला १.८ वर छिद्र सुमारे २८ मिलिमीटरचं. कॅमेऱ्यासोबत मिळणारी साधी १८ ते ५५ पन्नासच्या आसपास ५.६ वर असते, तिचं छिद्र ९ मिलिमीटरचं. आत येणाऱ्या उजेडात फरक जवळजवळ दहापट. दिवाळीच्या पणत्यांच्या उजेडात तोच निर्णायक ठरतो.

स्टॅन्ली कुब्रिक यांच्या १९७५ च्या 'बॅरी लिंडन'मध्ये या दोन्ही जातींचं टोक एकाच चित्रपटात दिसतं. मेणबत्तीच्या उजेडातले प्रसंग त्यांनी नासासाठी बनवलेल्या ५० मिलिमीटर, एफ ०.७ च्या झाइस अचलनाभी लेन्सने टिपले. आणि चेहऱ्यावरून हळूहळू मागे सरत सगळा मुलूख उलगडत जाणारी दृश्यं झूमने. यातलं श्रेष्ठ कोणतं हा प्रश्नच तिथे उद्भवत नाही.

एक उपदेश मात्र मला पटत नाही: 'प्राइम घ्या आणि पायांनी झूम करा.' पायांनी झूम होत नाही. तुम्ही चालत पुढे गेलात की जवळच्या आणि दूरच्या वस्तूंचं परस्परांशी प्रमाण बदलतं. उभ्या जागी नाभीय अंतर बदललं तर ते प्रमाण तसंच राहतं, फक्त चौकट लहान-मोठी होते. हिचकॉकच्या 'व्हर्टिगो'त (१९५८) जिन्याची खोली गरगरते ती याच फरकामुळे: कॅमेरा आणि झूम उलट दिशांनी चालवले होते. चालणं आणि झूम या दोन स्वतंत्र क्रिया आहेत आणि छायाचित्रकाराला दोन्ही यायला हव्यात.

माझा कौल असा. लग्न, वारी, शाळेचं स्नेहसंमेलन, म्हणजे जिथे जागा सोडता येत नाही आणि क्षण थांबत नाही, तिथे चलनाभी घ्या. २४ ते ७० पुरेशी. घर, माणसं, संध्याकाळ यांसाठी ३५ किंवा ५० ची अचलनाभी घ्या, आणि कॅमेऱ्याचा सेन्सर लहान असेल तर आधी ३५ ची. पैसे देण्याआधी तुमच्याकडच्या झूमने काढलेली जुनी छायाचित्रं संगणकावर उघडा. प्रत्येकाच्या माहितीत नाभीय अंतर नोंदलेलं असतं. सर्वांत जास्त वेळा जो आकडा दिसेल, त्याच आकड्याची फिक्स लेन्स दुकानात मागा.