शेवटच्या सीझनचा जल्लोष



आवडती मालिका संपणार असं कळलं की प्रेक्षकानं हळहळावं, हा साधा हिशेब. विज्ञानकथांच्या चाहत्यांचा हिशेब वेगळा असतो. ‘आणखी एक सीझन मिळाला, आणि तो शेवटचा’ अशी घोषणा झाली की ही मंडळी सण साजरा करतात. फेब्रुवारी २०२२ मध्ये ‘स्ट्रेंजर थिंग्ज’चा पाचवा सीझन अखेरचा असेल असं नेटफ्लिक्सनं जाहीर केलं, तेव्हा इथे चेन्नईत आमच्या सोसायटीतल्या मुलांनी केक कापला. संपण्याचा आनंद कसला? आजच्या भागात हाच प्रश्न घेऊ. त्यासाठी आधी १९६८ सालच्या अमेरिकेत जावं लागेल आणि मग परत मद्रासला यावं लागेल.

‘स्टार ट्रेक’ ही मालिका ८ सप्टेंबर १९६६ रोजी एनबीसी वाहिनीवर सुरू झाली. तिचा निर्माता जीन रॉडनबेरी दुसऱ्या महायुद्धात बॉम्बर विमान चालवत होता. यानाचा इंजिनिअर स्कॉटी रंगवणारा जेम्स डूहान कॅनडाच्या तोफखान्यात अधिकारी होता. ६ जून १९४४ला तो नॉर्मंडीच्या जुनो किनाऱ्यावर उतरला, गोळ्या खाल्ल्या आणि उजव्या हाताचं मधलं बोट गमावलं. पडद्यावर तो हात दिसू नये याची काळजी घेतली जायची. त्या यानावरची शिस्त, हुकूम आणि हुकमावरची कुरबूर आम्हा फौजींना खोटी वाटत नाही, त्याचं एक कारण हे असावं.

दुसऱ्या सीझनमध्येच मालिका बंद पडण्याची चिन्हं दिसू लागली. जॉन आणि बीजो ट्रिम्बल या जोडप्यानं चाहत्यांना पत्रं लिहायचं आवाहन केलं. काही महिन्यांत वाहिनीकडे एक लाखाहून जास्त पत्रं गेली. जानेवारी १९६८ मध्ये कॅलटेकच्या दोनशेवर विद्यार्थ्यांनी बरबँकच्या स्टुडिओवर मोर्चा नेला. अखेर १ मार्च १९६८च्या रात्री, भाग संपताना, वाहिनीनं प्रेक्षकांना जाहीरपणे सांगितलं की मालिका चालू राहणार आहे, आता पत्रं पाठवू नका. त्यावर काय झालं? आभाराची पत्रं आली. तीही ढिगानं!

पण जिंकलेली लढाई आणि राखलेला मुलूख या दोन वेगळ्या गोष्टी. तिसरा सीझन मिळाला तो शुक्रवारी रात्री दहाचा. ज्यांनी मोर्चा काढला ती तरुण पोरं त्या वेळी घरात कशाला बसतील? वर खर्चाला कात्री लागली. रॉडनबेरीनंही रोजच्या कामातून अंग काढून घेतलं. शेवटचा नवा भाग ३ जून १९६९ला दाखवला गेला. त्यानंतर सात आठवड्यांच्या आत, २० जुलैला, माणूस खरोखर चंद्रावर उतरला. मालिकेच्या सुरुवातीला सांगितलेली मोहीम पाच वर्षांची होती. ती तीन वर्षांत थांबली. शेवटच्या भागात निरोप नाही, घरवापसी नाही. चाहत्यांनी ज्या सीझनचा जल्लोष केला तो शेवटचा होता, हे जल्लोष करताना त्यांना माहीतच नव्हतं.

मग पत्रं वाया गेली का? नाही. इथे आकडे बघा. पहिल्या दोन सीझनचे भाग २९ आणि २६, म्हणजे ५५. तिसऱ्याचे २४. एकूण ७९. जुनी मालिका स्थानिक केंद्रांवर रोज दाखवायची तर भागांचा साठा लागतो, नाहीतर थोड्याच आठवड्यांत पुन्हा पहिला भाग लावायची वेळ येते. त्या २४ भागांनी साठा भक्कम केला आणि पुनःप्रक्षेपणात मालिका मोठी झाली. १९७२ मध्ये न्यूयॉर्कला चाहत्यांचं संमेलन भरलं. १९७६ मध्ये, पुन्हा चाहत्यांच्या पत्रांमुळे, नासाच्या पहिल्या शटलला ‘एंटरप्राइज’ हे नाव मिळालं. १९७९ मध्ये चित्रपट आला. आणि ऐंशीच्या दशकात रविवारी सकाळी तेच भाग दूरदर्शनवर आपल्या घरी पोहोचले.

आता मद्रास. मुंबईत दूरदर्शन २ ऑक्टोबर १९७२ला आलं, मद्रासला १५ ऑगस्ट १९७५ला. पण या शहराला विज्ञानकथेसाठी टीव्हीची वाट पाहावी लागली नाही. इथे साप्ताहिकं होती. माझं सैनिकी प्रशिक्षण इथल्याच परंगीमलैवरचं. तिथे मेसमधला एक तमिळ हवालदार ‘आनंद विकटन’चा अंक हाती आला की आधी धारावाहिकाचं पान उघडायचा, मग बाकीचं जग. पुढल्या अंकापर्यंत त्या कथेवर वाद चालायचा.

या वाचकांचा लाडका लेखक सुजाता. हे एस. रंगराजन यांचं टोपणनाव, पत्नीच्या नावावरून घेतलेलं. बंगळूरच्या भारत इलेक्ट्रॉनिक्समध्ये ते इंजिनिअर होते. आपण ज्यावर बटण दाबून मत देतो त्या मतदान यंत्राच्या विकासात त्यांचा मोठा वाटा आहे. त्यांनी ‘विकटन’मध्ये ‘एन इनिय इयंदिरा’, म्हणजे ‘माझ्या लाडक्या यंत्रा’, ही कादंबरी लिहिली. काळ २०२१च्या पुढचा, देशावर हुकूमशहा, हरवलेल्या नवऱ्याला शोधणारी निला आणि तिच्या सोबतीला जीनो नावाचा यंत्र-कुत्रा. हा कुत्रा पुस्तकं वाचतो आणि मालकापेक्षा नीट विचार करतो. कथा दूरदर्शनवर मालिका म्हणूनही आली. जीनो वाचकांच्या मनात इतका बसला की सुजातांच्या पुढच्या कादंबरीचं नावच ‘मीण्डुम जीनो’, पुन्हा जीनो.

सुजाता २७ फेब्रुवारी २००८ला चेन्नईत वारले. शंकर यांच्या ‘एंदिरन’ या चित्रपटाचं त्यांच्याकडचं संवादलेखन मागे राहिलं. ते मदन कार्की आणि स्वतः शंकर यांनी पुढे नेलं. १ ऑक्टोबर २०१० रोजी चित्रपट आला. यंत्रमानव चिट्टी झाला होता रजनीकांत, म्हणजे बंगळूरच्या मराठी घरातला शिवाजीराव गायकवाड. कटआउटवर दूध, ढोल, फटाके, आणि हे सगळं एका रोबोसाठी! लेखक गेला तरी गोष्ट मुक्कामाला पोहोचली, कारण ती कुठे न्यायची हे ठाऊक असलेली माणसं मागे होती.

आता आपल्या प्रश्नाकडे. सैन्यात शिकवतात की हल्ल्यापेक्षा माघार अवघड. कोण आधी निघणार, कोण शेवटपर्यंत गोळीबार चालू ठेवणार, पूल कधी उडवायचा, हे सगळं आधी ठरावं लागतं. ठरवून घेतलेल्या माघारीत पलटण शाबूत राहते. न ठरवता झाली तर तिला पळापळ म्हणतात. १९६९ मध्ये ‘स्टार ट्रेक’ची पळापळ झाली. २६ एप्रिल २०१२ला ‘फ्रिंज’ या मालिकेला मात्र पाचवा आणि शेवटचा सीझन आधी सांगून मिळाला. भाग फक्त १३, पण त्यानं शंभरी भरली. लेखकांना प्रत्येक पात्राचा हिशेब मिटवायला वेळ मिळाला. प्रेक्षकसंख्या रोडावलेली असताना हे पदरात पडलं, म्हणून चाहते नाचले.

तेव्हा कुणी शेवटच्या सीझनचा केक कापताना दिसलं तर हसू नका. अमरपट्टा कुठल्याच कथेला मिळत नाही. नीट निरोप घेण्याइतकी मुदत मिळू शकते, आणि तीसुद्धा पुष्कळदा कुणीतरी पत्रं लिहिली, आग्रह धरला म्हणून मिळते. माणसांच्या बाबतीतही मला हेच खरं वाटतं. आपल्या घरातल्या वडीलधाऱ्यांच्या गोष्टी अर्धवट राहू नयेत असं वाटत असेल, तर त्यांना आजच विचारा, पुढे काय झालं?

पुढच्या भागात भेटू. जय हिंद.