धर्मानंद कोसंबी यांचा विद्याप्रवास : परदेशातील साहित्य-संस्कृतीच्या अध्ययनाचा एक आद्य नमुना

प्रस्तावना

एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात महाराष्ट्रातून जे विद्यार्थी परदेशी गेले, त्यांपैकी बहुतेकांचे उद्दिष्ट बॅरिस्टरी, वैद्यक किंवा सनदी सेवेची परीक्षा हे होते. परक्या भूमीतील साहित्य आणि संस्कृती समजून घेणे हाच ज्यांच्या प्रवासाचा मुख्य हेतू होता, असे विद्यार्थी थोडे. पंडिता रमाबाई 1883 मध्ये इंग्लंडला व पुढे अमेरिकेला गेल्या आणि अमेरिकेतील लोकस्थितीवरील त्यांचा मराठी ग्रंथ 1889 मध्ये प्रसिद्ध झाला. श्री. व्यं. केतकर यांनी कॉर्नेल विद्यापीठात जातिसंस्थेचा अभ्यास केला व परतल्यावर मराठीत ज्ञानकोशाचे कार्य उभे केले. या परंपरेत धर्मानंद कोसंबी (1876-1947) यांचे स्थान वेगळे आहे. त्यांच्याजवळ विद्यापीठाची पदवी नव्हती, शिष्यवृत्ती नव्हती आणि त्यांचा पहिला परदेशप्रवास पश्चिमेकडे नसून नेपाळ, सिलोन व ब्रह्मदेश यांच्याकडे होता. परदेशातील साहित्याध्ययन कोणत्या अटींवर फलद्रूप होते आणि त्याची किंमत कोणाला मोजावी लागते, या दोन प्रश्नांच्या अनुषंगाने प्रस्तुत लेखात त्यांच्या विद्याप्रवासाचा विचार केला आहे.

गोवा ते काशी : पूर्वतयारी

कोसंबी यांचा जन्म 9 ऑक्टोबर 1876 रोजी गोव्यातील सांखवाळ येथे झाला. त्यांचे शालेय शिक्षण अल्प होते. ‘बालबोधमेवा’ या मुलांच्या मासिकातील बुद्धावरील लेख त्यांच्या वाचनात आला आणि बुद्धाच्या उपदेशाचा मुळातून अभ्यास करण्याची ओढ त्यांना लागली. 1899 च्या अखेरीस त्यांनी घर सोडले. गोवा तेव्हा पोर्तुगीज सत्तेखाली असल्याने पुण्यास येणे म्हणजेही एक राजकीय सीमा ओलांडणे होते.

पुण्यात त्यांना डॉ. रा. गो. भांडारकरांचे मार्गदर्शन लाभले. तेथून ते काशीस गेले आणि अन्नछत्रात जेवून त्यांनी संस्कृताचे अध्ययन केले. बौद्ध ग्रंथ वाचायचे तर आधी संस्कृत पक्के हवे, ही त्यांची धारणा होती. परदेशी जाण्यापूर्वी त्यांनी संस्कृताचा हा पाया घातला, ही बाब विशेष महत्त्वाची होय.

नेपाळ, सिलोन, ब्रह्मदेश : वाचकसमाजात वास्तव्य

1902 मध्ये ते नेपाळला गेले. बुद्धाच्या जन्मभूमीजवळ त्याचा धर्म जिवंत असेल, ही त्यांची अपेक्षा तेथे पुरी झाली नाही. हा अपेक्षाभंगही अध्ययनाचाच भाग ठरला. ग्रंथाचे उगमस्थान आणि ग्रंथ जेथे वाचला जातो ते स्थान एकच असेल असे नाही, हे त्यांना प्रत्यक्ष अनुभवातून उमगले. त्याच वर्षी ते सिलोनला पोहोचले. कोलंबो येथील विद्योदय परिवेण ही सुमंगलाचार्यांनी 1873 मध्ये स्थापन केलेली संस्था पाली विद्येचे प्रमुख केंद्र होती. कोसंबी तेथे भिक्षुसंघात दाखल झाले आणि पाली शिकले. पुढे ब्रह्मदेशातही त्यांनी वास्तव्य केले.

या वास्तव्याचे स्वरूप लक्षात घेण्याजोगे आहे. पाली भाषेला स्वतःची अशी एक लिपी नाही. सिलोनमध्ये ती सिंहली लिपीत, ब्रह्मदेशात ब्रह्मी लोकांच्या लिपीत, तर 1881 मध्ये स्थापन झालेल्या लंडनच्या पाली टेक्स्ट सोसायटीच्या आवृत्त्यांत रोमन लिपीत छापली जात होती. नागरी लिपीत पाली ग्रंथ जवळजवळ उपलब्ध नव्हते. त्यामुळे बुद्धवचन भारतात जन्मले असले तरी भारतीय विद्यार्थ्याला ते वाचण्यासाठी परक्या लिपी शिकाव्या लागत होत्या. शिवाय हे ग्रंथ ज्यांच्या नित्य पठणात व आचारात होते, त्या भिक्षूंसमवेत राहिल्यामुळे कोसंबी यांना शब्दार्थाबरोबर त्या शब्दामागील आचारही समजला. केवळ ग्रंथालयात बसून हे ज्ञान मिळणे कठीण होते.

हार्वर्ड : जाणकाराचे स्थान

1906 मध्ये कोसंबी कलकत्त्यास परतले व तेथे पालीचे अध्यापन करू लागले. पुढे महाराष्ट्रात राहून कार्य करता यावे म्हणून त्यांनी कलकत्त्याची नोकरी सोडून बडोद्याचे सयाजीराव गायकवाड यांनी देऊ केलेले दरमहा 50 रुपयांचे मानधन स्वीकारले. 1910 मध्ये प्रा. जेम्स वुड्स यांच्या निमंत्रणावरून ते हार्वर्ड विद्यापीठात गेले. हेन्री क्लार्क वॉरन यांनी हाती घेतलेले ‘विसुद्धिमग्ग’ या पाली ग्रंथाचे संपादन त्यांच्या निधनामुळे (1899) अपुरे राहिले होते. ते पूर्ण करण्यासाठी कोसंबी यांची आवश्यकता होती. परिवेणातील विद्यार्थी आठ वर्षांत अमेरिकेतील विद्यापीठाचा सहकारी झाला होता. तथापि संपादनाच्या श्रेयावरून प्रा. लॅनमन यांच्याशी त्यांचे मतभेद झाले व 1912 मध्ये ते भारतात परतले. त्या कार्यासाठी ते पुढे पुन्हा हार्वर्डला गेले, परंतु ही आवृत्ती 1950 मध्ये, म्हणजे त्यांच्या मृत्यूनंतर तीन वर्षांनी प्रकाशित झाली. ज्ञानव्यवहारात पौर्वात्य विद्वानाचे स्थान नेमके कोणते, हा प्रश्न या घटनेतून ठळकपणे पुढे येतो.

परतफेड आणि किंमत

परतल्यावर कोसंबी यांनी फर्ग्युसन महाविद्यालयात पालीचे अध्यापन केले. त्यांचे शिष्य पु. वि. बापट हेही पुढे हार्वर्डला गेले. ‘बुद्ध, धर्म आणि संघ’ (1910), ‘बुद्धलीलासारसंग्रह’ (1914), ‘समाधिमार्ग’ (1925) आदी ग्रंथ त्यांनी सामान्य वाचकाला कळेल अशा मराठीत लिहिले. त्यांनी संपादिलेली ‘विसुद्धिमग्ग’ची नागरी आवृत्ती 1940 मध्ये भारतीय विद्या भवनाने प्रसिद्ध केली. ज्या लिपीच्या अभावी त्यांना समुद्र ओलांडावा लागला, त्या लिपीत तो ग्रंथ त्यांनी पुढील विद्यार्थ्यांसाठी आणून ठेवला. त्यांच्या विद्याप्रवासाचे खरे साफल्य यात आहे.

मात्र या साफल्याची दुसरी बाजू दुर्लक्षून चालणार नाही. 1899 मध्ये त्यांनी घर सोडले तेव्हा पत्नी बाळाबाई आणि तान्ही मुलगी माणिक गोव्यात मागे राहिल्या. कुटुंबाशी त्यांची पुन्हा भेट सुमारे सात वर्षांनी झाली. कोसंबी यांचा त्याग अनेकदा गौरविला जातो. बाळाबाईंनी सोसलेल्या वर्षांचा उल्लेख मात्र त्या मानाने क्वचित होतो. पुढे 1918 मध्ये माणिक व दामोदर ही मुले वडिलांबरोबर अमेरिकेस गेली. माणिक रॅडक्लिफ महाविद्यालयाची पदवीधर झाली आणि दामोदर हार्वर्डचे. जी मुलगी विद्येपायी मागे राहिली होती, तिला पुढे त्याच विद्येची वाट खुली झाली. तरीही पहिल्या सात वर्षांची भरपाई त्यामुळे झाली, असे म्हणता येत नाही.

समारोप

उपरोक्त विवेचनावरून परदेशातील साहित्य-संस्कृतीच्या अध्ययनाच्या तीन अटी स्पष्ट होतात : जाण्यापूर्वी भाषेची सिद्धता, गेल्यावर ग्रंथ जगणाऱ्या समाजात वास्तव्य आणि परतल्यावर आपल्या भाषेत त्या ज्ञानाची परतफेड. पालघर जिल्ह्यातील जव्हार-मोखाडा परिसराच्या दृष्टीने या अटींना विशेष अर्थ आहे. जामसरसारख्या गावांच्या आसमंतात वारली, कोकणा, कातकरी, ठाकर या समाजांचे मौखिक वाङ्मय, तारप्याचे नृत्य आणि बोहाड्याची परंपरा आहे. वारली चित्रे जगभर पोहोचली, पण वारली बोलीतील कथागीतांचे लिखित रूप त्या मानाने अल्पच आहे. तेव्हा बाहेरून येथे येणाऱ्या अभ्यासकाला कोलंबोतील कोसंबींप्रमाणे आधी भाषा शिकून लोकांत राहावे लागेल. आणि येथून परदेशी जाणाऱ्या विद्यार्थ्याजवळ त्याची बोली ही अडचण नसून, काशीत कोसंबींनी मिळविलेल्या संस्कृतासारखी आधीच कमावलेली पुंजी आहे.

आज आदिवासी विद्यार्थ्यांसाठी शासनाच्या परदेश शिष्यवृत्त्या आहेत. त्यामुळे विद्येसाठी घर निराधार सोडण्याची वेळ कोणावर येऊ नये. परंतु शिष्यवृत्ती अर्जापासून सुरू होते, तर तयारी वर्गापासून. गुणवान विद्यार्थ्याला वेळीच हेरणे, त्याला भाषेची साधने देणे आणि त्याच्या घराशी बोलणे ही महाविद्यालयीन अध्यापकांची जबाबदारी आहे. कोसंबी यांच्याजवळ जिद्द होती म्हणून ते पोहोचले. सर्वांनीच तेवढी जिद्द दाखवावी अशी अपेक्षा ठेवणारी शिक्षणव्यवस्था न्याय्य म्हणता येणार नाही.