अंगणातल्या दिव्याचा खांब

दिव्याचं कौतुक आपण पुष्कळ करतो. पण दिवा ज्याच्या डोक्यावर बसतो त्या खांबाची आठवण कुणाला होते? तो वाकला, कुजला किंवा वादळात आडवा झाला, म्हणजेच होते. आज त्या खांबाविषयी, आणि तोही लाकडी खांबाविषयी बोलायचं आहे. विषय लहान दिसतो. पण आपल्या पुण्याच्या आसपासच त्याचा इतिहास इतका पसरलेला आहे, की शाळेत एक तास त्यावर सहज निघेल.

घराजवळ लाकूड रोवून त्याच्या माथ्यावर दिवा लावायचा, ही कल्पना विजेबरोबर आली असं समजू नका. कार्तिक महिन्यात आपण आकाशदिवा लावतो. हल्ली तो कागदाचा कंदील करून गॅलरीत टांगतात. पण जुन्या धर्मग्रंथांत त्याची कृती अगदी सुताराला सांगावी तशी दिलेली आहे. देवगिरीच्या यादवांचा मंत्री हेमाद्री, ज्याच्या नावानं आपण हेमाडपंती देवळं ओळखतो, त्याच्या ग्रंथाच्या आधारे पुढे १६१२ साली कमलाकरभट्टांनी ‘निर्णयसिंधू’त ती सांगितली. सूर्य मावळताना, घरापासून फार लांब नाही अशा जागी, पुरुषभर उंचीचा, यज्ञाला चालणाऱ्या झाडाच्या लाकडाचा खांब जमिनीत रोवावा. त्याच्या माथ्यावर लाकडी पट्ट्यांची आठ पाकळ्यांची मांडणी करावी. आणि तीत दिवा ठेवावा, म्हणजे आठही दिशांना उजेड पडेल. यज्ञाला चालणारी झाडं म्हणजे पळस, उंबर, खैर, शमी वगैरे. आता यांतला खैर जमिनीत वर्षानुवर्षं टिकतो आणि उंबर दोन पावसाळ्यांत भुसभुशीत होतो, हा भेद ग्रंथकारानं सांगितलेला नाही. त्याला तो खांब महिनाभरच उभा ठेवायचा होता! देवळापुढे कायमची दीपमाळ उभारायची वेळ आली तेव्हा मात्र आपल्या लोकांनी दगड धरला. जेजुरीला गेलात तर याची साक्ष पायरीपायरीवर मिळते.

बारा महिने टिकणारा लाकडी खांब हवा, तर चांगलं लाकूड हवं; आणि चांगलं लाकूड कुणी आणि कुठून तोडायचं, हा झगडा जुनाच आहे. रामचंद्रपंत अमात्यांच्या ‘आज्ञापत्रा’त, म्हणजे १७१५ च्या सुमारास, आरमाराच्या लाकडाविषयी जे सांगितलं आहे ते शिक्षकांनी मुलांना अवश्य समजावून द्यावं. साग-शिसवासारखी कामाची झाडं लागतील ती हुजूरची परवानगी घेऊन तोडावी; आंबा-फणसाला हात लावू नये, कारण ती झाडं वर्षा-दोन वर्षांत होत नाहीत, रयतेनं ती लेकरांसारखी वाढवलेली असतात. एखादं झाड अगदी जीर्ण झालं असेल तरच, आणि तेही धन्याला राजी करून, मोल देऊन तोडावं. जबरदस्तीनं नेलेल्या लाकडाचं दुःख राज्याला बाधतं, हे अमात्यांना पक्कं ठाऊक होतं.

इंग्रजी अमलात हाच प्रश्न पुन्हा उभा राहिला. मुंबईच्या गोदीला सागवान हवं होतं, कंत्राटदार डोंगर बोडके करत होते. पुण्याजवळ पवनेच्या काठी दापोडीला सरकारी वनस्पतिबाग होती आणि १८३८ पासून तिच्यावर अलेक्झांडर गिब्सन नावाचे डॉक्टर देखरेख करत होते. पेशानं डॉक्टर, पण मन झाडांत. डोंगर उघडे पडले तर खालचे ओढे आटतात, असं हा माणूस सरकारला बजावत राहिला. १८४७ साली त्यालाच मुंबई इलाख्याचा पहिला वनसंरक्षक नेमलं. त्याच्या वनखात्यानं जंगल राखलं हे खरं. पण डोंगरातल्या माणसाचा पिढ्यान्‌पिढ्यांचा कुऱ्हाडीचा हक्क आक्रसला, हेही तितकंच खरं. दोन्ही गोष्टी एकाच वहीत लिहिल्या पाहिजेत.

आणि नेमक्या त्याच सुमारास खांबांची मागणी एकदम वाढली. कारण तारायंत्र आलं. कलकत्त्याला ओशॉग्नेसी नावाच्या गृहस्थांनी १८३९ साली बांबूंवर तार ताणून पहिला प्रयोग केला होता. (हेही डॉक्टरच! त्या काळच्या डॉक्टरांना रोग्यांखेरीज बराच वेळ मिळत असावा.) १८५४-५५ मध्ये मुंबईहून मद्रासकडे जाणारी तार पुण्यावरून गेली, आणि आपल्या मुलखात रस्त्याकडेला एका ओळीत उभे असलेले खांब लोकांनी प्रथम पाहिले. पाठोपाठ रेल्वे आली. १८६३ मध्ये बोरघाट खुला झाला. रुळांखाली लाकूड, तारेखाली लाकूड. आणि या सगळ्या लाकडाची वाट बघत जमिनीत एक मुकी फौज बसलेली: वाळवी.

इंग्लंडात १८३८ साली बेथेल यानं दगडी कोळशाच्या डांबरातून निघणारं तेल दाबानं लाकडात मुरवण्याची युक्ती काढली होती. ते तेल उत्तम, पण हिंदुस्थानात ते परदेशातून आणावं लागे, आणि त्या खांबाला नुसतं टेकलं तरी धोतर काळं होई. यावर उत्तर शोधलं ते आपल्याच माणसानं. डेहराडूनच्या वनसंशोधन संस्थेत सोन्ती कामेशम् यांनी १९३३ च्या सुमारास ‘ॲस्कू’ नावाचं मिश्रण तयार केलं. त्यात तीन द्रव्यं. तांबं बुरशीला मारतं, सोमल वाळवीला मारतो. आणि क्रोमियम या दोघांना लाकडाच्या धाग्यात असं जखडून टाकतं, की पावसानं ते सहसा धुऊन जात नाहीत. पाण्यात विरघळणारं औषध लाकडात शिरल्यावर विरघळेनासं होतं, ही खरी करामत. पुढे अमेरिकेसह जगभर विजेचे आणि टेलिफोनचे लक्षावधी खांब या औषधावर उभे राहिले. आपल्या पोरांना एडिसन ठाऊक असतो, कामेशम् ठाऊक नसतात.

सोमल तो सोमलच, हे मात्र विसरू नये. अशा लाकडाचे उरलेले तुकडे चुलीत घालू नयेत, धूर विषारी असतो. गुरांची गव्हाण किंवा पाण्याचं भांडं त्याचं करू नये. अमेरिकेत २००३ अखेर घरगुती कामासाठी हे लाकूड वापरणं थांबवलं, ते याच भीतीनं.

विजेकडे येऊ. १९१५ साली खोपोलीला टाटांचं वीजघर सुरू झालं. घाटमाथ्यावर अडवलेलं पाणी खाली सोडून त्यावर मुंबईच्या गिरण्या चालू लागल्या. पुढे पुण्यात पूना इलेक्ट्रिक सप्लाय कंपनीमार्फत पेठापेठांत वीज पोचली आणि वाड्यांच्या चौकातले कंदील एकेक करून खुंटीवरून उतरले. खेड्यांना मात्र फार थांबावं लागलं. १९६० मध्ये महाराष्ट्र राज्य विद्युत मंडळ स्थापन झालं, १९६२ मध्ये कोयनेची वीज सुरू झाली, आणि मग गावोगाव खांब चालत आले. ते बहुतेक लोखंडी आणि सिमेंटचे. लाकडी खांब राहिला तो अंगणात, खळ्यावर, विहिरीच्या काठी.

आणि तिथंच तो महत्त्वाचा आहे. पंपाची वीज पाळीनं रात्री येते, असं अनेक गावांत घडतं. माणूस अंधारात दारं धरायला उठतो. बांधावर घोणस असते. विहिरीपाशी एक दिवा असला, तर पाय कुठं पडतो हे निदान दिसतं. एका खांबाची किंमत या हिशेबानं धरायला हवी.

खांब आणायचा कुठून? पुण्यात भवानी पेठेतल्या टिंबर मार्केटात सुरूचे, नीलगिरीचे वासे आणि बल्ल्या मिळतात, सागही मिळतो. स्वतःच्या बांधावरचा साग किंवा खैर तोडायचा, तरी १९६४ च्या वृक्षतोड नियमन कायद्याखाली आधी परवानगी काढावी लागते, आणि शहरात १९७५ चा कायदा लागू आहे. अमात्यांची हुजूरची परवानगी ती हीच, नाव बदललेली. लाकूड घेताना कापलेलं टोक पाहावं. बाहेरचं पांढरं कडं रुंद असेल तर वाळवीला मेजवानीच. आतलं गडद लाकूड जितकं जास्त तितकं बरं. अंधाऱ्या पक्षात तोडलेलं लाकूड टिकतं, असं जुने सुतार सांगतात. मी त्यांच्याशी वाद घालत नाही. पण पक्ष कोणताही असो, साल काढून सावलीत चार-सहा महिने वाळवलेलं लाकूड ओल्यापेक्षा जास्त टिकतं, आणि औषधही वाळलेल्यातच मुरतं.

रोवताना बुंधा खाली, शेंडा वर. लांबीचा सहावा भाग जमिनीत जावा हा साधा हिशेब. वीस फुटी खांबाला साडेतीन फुटांचा खड्डा. काळी जमीन असेल तर चार फूट घ्या, कारण ती उन्हाळ्यात भेगाळते आणि पावसात फुगते, खांब हलत राहतो. तळाशी दगडगोटे, मग मुरूम वीतवीत टाकून प्रत्येक थर पहारीनं ठोकून घट्ट करायचा. सगळा मुरूम एकदम लोटून वरून पाय आपटणं हे काम नव्हे. पुष्कळजण हौसेनं खांबाभोवती सिमेंटची वाटी करतात. त्या वाटीत पाणी साचतं आणि लाकूड आतून कुजतं. त्यापेक्षा मातीचा उतार बाहेर काढावा.

लाकूड शेंड्याला कुजत नाही आणि अगदी खोलवरही फारसं कुजत नाही. ते कुजतं जमिनीलगत, वर वीतभर आणि खाली हातभर. कारण बुरशीला ओल आणि हवा दोन्ही लागतात, आणि दोन्ही तिथंच भेटतात. बुंधा जाळून काळा करण्याची, त्यावर डांबर फासण्याची जुनी रीत आहे. ती निदान या हातभर पट्ट्यावर तरी नीट करावी. दरवर्षी मृगाआधी तिथली माती उकरून हातोडीनं ठोकून पाहावं. खणखणीत आवाज आला तर ठीक. बद्द आवाज आला आणि पटाशी सहज आत गेली, तर त्या खांबावर कुणी चढू नये, शिडीही लावू नये.

वायरिंगचं काम परवानाधारक वायरमनकडूनच, अर्थिंगसह. आपला दिवा आपल्याच खांबावर. वीज कंपनीच्या खांबाला आकडा टाकू नये की दिवा बांधू नये. दिव्याच्या खांबाला कपडे वाळत घालायची तार बांधू नये, बैल बांधू नये. ओलं लाकूड वीज वाहून नेतं, आणि ओल्या तारेवरचा सदरा काढायला बहुधा घरातली बाई जाते. बटण घराच्या दारापाशी, पावसाच्या आत, आणि कर्त्या माणसाच्या खांद्याच्या उंचीवर घ्यावं. लहान पोराचा हात पोचेल असं नको.