चिठ्ठी एकाची, नजर दुसऱ्याची
वणी, पुसद, दारव्हा, पांढरकवडा, यवतमाळ जिल्ह्यातल्या कोणत्याही तालुक्याच्या गावी जा, बसस्थानकापासून बाजारापर्यंत जाईस्तोवर तीन-चार ‘मेडिकल’ लागतातच. बहुतेक दुकाने गावातल्याच एखाद्या कुटुंबाची. अशा दुकानातून औषध का घ्यावे, असे विचारले की उत्तर ठरलेले असते: ओळख आहे, अडीनडीला उधारी मिळते, रात्री हाक मारली तरी माणूस उठतो. हे खरे आहे, पण मला ते अपुरे वाटते. ओळख आणि उधारी किराणा दुकानातही मिळते. औषधाच्या दुकानाचे खरे मोल त्याच्या स्वतंत्रपणात आहे. औषध लिहून देणारा एक आणि ते तपासून हातात ठेवणारा दुसरा, आणि त्या दुसऱ्याची मिळकत पहिल्याच्या मर्जीवर अवलंबून नाही, ही ती व्यवस्था. ती आपोआप आलेली नाही. तिला कायद्यात आणायलाच अर्धशतक लागले.

१९०५ पर्यंत हा जिल्हा ‘वणी जिल्हा’ म्हणून ओळखला जाई. त्या काळात आजाऱ्याला वाटा मोजक्याच होत्या: वैद्य, हकीम, बाजारातले काष्ठौषधींचे दुकान, नाहीतर सरकारी दवाखाना. दवाखान्यात डॉक्टर नाडी बघे आणि आतल्या खोलीत कंपाउंडर मिश्रण बनवी. बाटली रोग्याने घरून न्यायची. तिच्यावर कागदाची कातरलेली पट्टी चिकटवलेली असे, एका खुणेपासून दुसऱ्या खुणेपर्यंत एक डोस. बाटलीत काय आहे, हे रोग्याला कळण्याची सोय नव्हती. लिहिणारा आणि देणारा एकाच छपराखाली होते आणि कंपाउंडर डॉक्टरचा हाताखालचा माणूस होता. डॉक्टरचे चुकले तर बोलायचे कोणी?

बाहेर, खुल्या बाजारात, याहून वाईट अवस्था होती. १९३० साली नेमलेल्या कर्नल रामनाथ चोप्रा यांच्या समितीने देशभरच्या औषधबाजाराची पाहणी केली, तेव्हा भेसळीचा आणि कमअस्सल औषधांचा सुळसुळाट दिसला. औषध विकण्यासाठी कसल्याही शिक्षणाची अट नव्हती. समितीच्या शिफारशींतून पुढे १९४० चा औषध कायदा आणि १९४८ चा फार्मसी कायदा आला. फार्मासिस्टांच्या पहिल्या नोंदवहीत तर पाच वर्षे औषधे बनवण्याचे काम केलेल्या कंपाउंडरांनाही जागा द्यावी लागली, कारण शिकलेले फार्मासिस्ट पुरेसे नव्हतेच. नोंदणीकृत फार्मासिस्टखेरीज कोणी चिठ्ठीवरचे औषध देऊ नये, हे कलम देशभर लागू व्हायला १९८४ साल उजाडले. त्यातही एक सवलत कायम राहिली: डॉक्टर स्वतःच्या रुग्णांना स्वतः औषध देऊ शकतो. झरी जामणी किंवा मारेगाव तालुक्यातल्या आडवळणाच्या गावात ती सवलत लागते, हे मान्य. पण जिथे चार मेडिकल आहेत, तिथे ती जुनी आतली खोली परत आणण्यात रोग्याचे नुकसान आहे.

२०२५ साली विदर्भाला लागून असलेल्या छिंदवाडा जिल्ह्यात जे घडले, त्याने हे नुकसान उघडे पाडले. खोकल्याच्या ‘कोल्ड्रिफ’ औषधाने वीसहून अधिक मुले दगावली; त्यांतल्या अनेकांना उपचारासाठी नागपूरला आणले होते. तामिळनाडूच्या प्रयोगशाळेत एसआर-१३ या बॅचमध्ये ४८.६ टक्के डायएथिलिन ग्लायकॉल हे विषारी रसायन निघाले. कोणी म्हणेल, काउंटरवरचा माणूस विष कसे ओळखणार? नाहीच ओळखणार. पण कोल्ड्रिफमध्ये होते तसे क्लोरफेनिरामाइन आणि फिनाइलएफ्रिनचे मिश्रण चार वर्षांखालच्या मुलांना देऊ नये, ही सूचना केंद्रीय औषध नियंत्रकांनी डिसेंबर २०२३ मध्येच काढली होती. दोन वर्षांच्या लेकरासाठी चिठ्ठी आल्यावर ‘डॉक्टरसाहेब, हे बाळाला चालते का?’ असा फोन करणे ही दुसऱ्या नजरेची जबाबदारी आहे. ज्याचे दुकान त्याच डॉक्टरच्या चिठ्ठ्यांवर चालते, त्याला तो फोन जड जातो.

यवतमाळने हाच धडा कपाशीच्या शेतात आणखी महागात घेतला. २०१७ च्या पावसाळ्यात कीटकनाशकांच्या फवारणीतून जिल्ह्यात विषबाधेची लाट आली. वसंतराव नाईक शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाचे वॉर्ड भरले, वीसहून अधिक शेतकरी-शेतमजूर दगावले, विशेष तपास पथक नेमावे लागले. कोणते औषध, किती, कशात मिसळायचे, हे अनेकांना सांगणारा कृषी केंद्राचा दुकानदारच होता. सल्ला देणारा, विकणारा आणि हंगामाची उधारी देणारा एकच. मृत्यूंना इतरही कारणे होती: उंच वाढलेली कपाशी, मास्क-हातमोजांचा अभाव, उकाडा. पण मध्ये थांबवणारा दुसरा माणूस कुठेच नव्हता.

यावर सर्वांत वजनदार आक्षेप असा, की ही स्वतंत्र दुकाने तरी कुठे इतकी धुतल्या तांदळासारखी आहेत? फार्मासिस्टचे प्रमाणपत्र भाड्याने घेऊन भिंतीवर टांगायचे आणि काउंटरवर भलताच मुलगा, हा प्रकार सर्वांना ठाऊक आहे. २०१२ च्या सुमारास महेश झगडे आयुक्त असताना राज्याच्या अन्न व औषध प्रशासनाने याविरुद्ध कडक मोहीम उघडली, तेव्हा विक्रेत्यांनी बंदचे हत्यार उपसले. नवा वितरक नेमण्याआधी संघटनेचे ‘ना हरकत’ घ्यायला लावणाऱ्या, औषधविक्रेत्यांच्या अखिल भारतीय संघटनेच्या पद्धतीला २०१३ साली भारतीय स्पर्धा आयोगाने स्पर्धाविरोधी ठरवले. हे सगळे खरे आहे, आणि म्हणूनच मालक गावचा आहे एवढ्यावर दुकान निवडू नये. फार्मासिस्ट गैरहजर असलेले दुकान माझ्या लेखी स्वतंत्र नाहीच. तिथे दुसरी नजरच नाही.

दुसरा आक्षेप पैशाचा. ऑनलाइन सवलत मिळते, २००८ पासून सुरू झालेल्या जनऔषधी केंद्रांत तेच औषध कितीतरी स्वस्त पडते. मधुमेह-रक्तदाबाच्या रोजच्या गोळ्या जनऔषधीतून अवश्य घ्याव्यात. तिथेही फार्मासिस्ट असतो आणि तो कोणाच्या चिठ्ठीचा मिंधा नसतो. पण घरपोच आलेल्या पाकिटाला प्रश्न विचारता येत नाही. नवे औषध सुरू करताना, लहान मुलासाठी, गरोदर बाईसाठी किंवा दोन डॉक्टरांची औषधे एकत्र चालू असताना समोर बसलेला जाणकार माणूस सवलतीपेक्षा मोलाचा आहे.

म्हणून मेडिकल निवडताना दोन-तीन गोष्टी बघा. परवाना दर्शनी भागात लावणे बंधनकारक आहे. तो वाचा, आणि फार्मासिस्ट म्हणून ज्याचे नाव आहे तो कुठे आहे, हे सरळ विचारा. चिठ्ठीशिवाय अँटिबायोटिक द्यायला नकार मिळाला तर रागावू नका, ते दुकान लक्षात ठेवा. आणि दहा रुपयांच्या गोळ्या घेतल्या तरी बिल मागा. त्यावरचा बॅच क्रमांकच एखादे औषध माघारी बोलावले गेल्यावर तुमच्या घरातली बाटली त्यातली आहे की नाही, हे सांगतो.