तळटीप : ओढा चढला नाही तर
'देवाची मर्जी असली आणि ओढा चढला नाही, तर येईन' ही अमेरिकेच्या दक्षिणेकडची बोलण्याची ढब. डोंगराळ मुलखात वाटा ओढ्यातूनच जात, पूल क्वचित. वरच्या अंगाला पाऊस झाला की गाडी-घोडा अलीकडेच अडके. म्हणून होकाराला ही पुस्ती. गायक हँक विल्यम्स रेडिओवर निरोप घेताना हेच म्हणे. मूळ इंग्रजी वाक्यातला 'क्रीक' म्हणजे ओढा नव्हे, त्या नावाची आदिवासी जमात आणि तिचा उठाव, असेही सांगतात. बेंजामिन हॉकिन्स या अधिकाऱ्याच्या पत्राचा दाखला देतात. गोष्ट चटकदार, पण पुरावा नाही. जुन्या छापील उल्लेखांत साधे ओढ्याचे पाणीच आहे. प्रस्तुत कथेतला म्हातारा हे ऐन उन्हाळ्यात म्हणतो, तेव्हा त्याला यायचे नाही, एवढेच समजावे. — संपा.